घंटावाल्याच्या गाई आणि क्लोरिंदाचा छापखाना

गुन्हा एकाने करायचा आणि तुरुंगात दुसऱ्याने जायचे, हा प्रकार आम्हा वकिलांना नवा नाही. पण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात एका विधवा बाईने १८८९ साली हाच प्रकार कादंबरीतून चव्हाट्यावर मांडला, तेव्हा तिथल्या धर्ममार्तंडांचे आसन हादरले. क्लोरिंदा मात्तो दे टर्नर हे त्या बाईचे नाव. आपल्या वाचकांनी तिची ओळख करून घेतली पाहिजे. तिने काय केले ते पाहिले पाहिजे आणि तिला काय जमले नाही, तेही पाहिले पाहिजे.

क्लोरिंदाचा जन्म १८५२ साली कुस्को येथे झाला. हे शहर म्हणजे इंका राज्याची जुनी राजधानी. स्पॅनिश ही तिची लेखनाची भाषा, पण तिथल्या मूळनिवासींची क्वेचुआ भाषाही तिला चांगली येत होती. टर्नर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती तिंता या गावी राहायला गेली. खेड्यातला पाद्री, सरकारी अंमलदार आणि सावकार हे तिघे मिळून मूळनिवासींना कसे नागवतात, हे तिने तिथे जवळून पाहिले. १८८१ साली नवरा वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. रडत न बसता ती आरेकिपा शहरात 'ला बोल्सा' या दैनिकाची संपादक झाली. पुढे राजधानी लिमा येथे 'एल पेरू इलुस्त्रादो' या साप्ताहिकाची सूत्रे तिच्या हाती आली.

'आवेस सिन नीदो', म्हणजे 'घरटे नसलेली पाखरे', ही तिची गाजलेली कादंबरी. कियाक नावाच्या कल्पित गावात मार्सेला ही मूळनिवासी बाई लुसिया मारीन या शहरातून आलेल्या गोऱ्या बाईच्या दारी मदत मागायला येते. सासूच्या दफनविधीच्या पैशांसाठी पाद्रीने तिच्या बटाट्याच्या पिकावर टाच आणलेली. लोकरीसाठी आगाऊ रक्कम गळ्यात मारून नंतर कितीतरी पटीने लोकर वसूल करणारे लोक दारात उभे. वसुलीसाठी लहान पोरगी उचलून नेली जाते. शिवाय बायकांनी पाळीपाळीने पाद्रीच्या घरी वेठीला जायचे, आणि तिथे अब्रूची धडगत नाही!

लुसिया मदतीला उभी राहताच गावातले प्रतिष्ठित रात्री तिच्या घरावर हल्ला करतात. मार्सेला आणि तिचा नवरा त्यात बळी पडतात. मग आरोपी कोण? तर चर्चची घंटा वाजवणारा इसिद्रो चांपी! घंटा वाजली म्हणून घंटावाला तुरुंगात जातो. ज्यांनी त्याला अडकवले तेच सुटकेचे आमिष दाखवून त्याच्या गाई घेऊन जातात. कादंबरीच्या शेवटी उघड होते ते आणखी भयंकर. एकमेकांवर प्रेम करणारे दोन तरुण जीव एकाच धर्मगुरूची लेकरे निघतात.

हे चर्चला सहन होणारे नव्हते. १८९० साली तिच्या साप्ताहिकात ख्रिस्ताविषयीची एक कथा छापून आली आणि तेवढे निमित्त पुरले. लिमाच्या आर्चबिशपने ते साप्ताहिक वाचण्यावर बंदी घातली, क्लोरिंदाला बहिष्कृत केले गेले आणि तिच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. संपादकपद गेले.

पण बाई खचली नाही. दुसऱ्याच्या पत्रात लिहिणारी लेखणी दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, हा धडा तिने घेतला. १८९२ साली तिने स्वतःचा छापखाना काढला आणि कामाला बायका ठेवल्या. नाव ठेवले 'ला एकितातिवा', म्हणजे न्यायाने वागणारी. तिचे स्त्रीमुक्तीचे तत्त्वज्ञान असे रोकडे होते. बाईला हुन्नर हवा आणि स्वतःच्या मेहनतीची मजुरी तिच्या हातात पडली पाहिजे.

१८९५ साली यादवी युद्धात विरोधी फौजा लिमात शिरल्या. तिचे घर लुटले गेले, छापखाना उद्ध्वस्त झाला आणि तिला देश सोडावा लागला. त्याच वर्षी ब्युनोस आयर्स येथे तिने दक्षिण अमेरिकेतील लेखिकांवर भाषण दिले आणि त्यांना विचारक्षेत्रातील कामकरी स्त्रिया म्हटले. तिथे तिने नवे नियतकालिक चालवले, मुलींना शिकवले, शुभवर्तमानाचे क्वेचुआत भाषांतर केले. १९०९ साली परदेशातच तिचे निधन झाले. तिच्या अस्थी मायदेशी आल्या त्या १९२४ साली.

आता एक परखड गोष्ट. तिच्या कादंबरीतला मूळनिवासी स्वतः लढत नाही. मार्सेलाच्या मुलींना मारीन कुटुंब दत्तक घेते आणि लिमाला नेते. घंटावालाही अखेर दुसऱ्यांच्या खटपटीने सुटतो. म्हणजे सुटका होते ती भल्या माणसांच्या दयेने. स्वतःच्या आयुष्यात क्लोरिंदा दयेवर विसंबली नाही, तिने यंत्र विकत घेतले. पण आपल्या पात्रांच्या हाती तसे हत्यार तिला देता आले नाही.

दयेने किती वेळ लागतो, हे पेरूच्या कायद्यातच पाहा. १९५५ साली तिथल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण फक्त साक्षर स्त्रियांना. निरक्षरांना मत देण्याचा हक्क मिळाला तो १९७९ च्या राज्यघटनेने. क्वेचुआ बोलणारी लाखो माणसे तोवर मतदार यादीच्या बाहेर होती. कादंबरी छापून झाल्याला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.

आपल्या दुःखावर कोणी कळवळून लिहिले तर त्याचे ऋण जरूर मानावे. क्लोरिंदाचे तर मानलेच पाहिजे, कारण तिने त्याची किंमत मोजली. पण वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारावा. इसिद्रो चांपीला स्वतःची जबानी स्वतः लिहिता आली असती, तर त्याच्या गाई कोणाला नेता आल्या असत्या का?