लाखाचं कार्ड, घ्यावं कधी?

आज घेतलं तर उद्या नवं मॉडेल येतं. उद्यासाठी थांबलं तर किंमत चढते. मग ग्राफिक्स कार्डाचा मुहूर्त काढायचा तरी कसा?

लाखभर रुपयांत सोलापुरात काय येतं? झकास बाइक येते. घराला रंग लागून वर एसीही बसतो. थोडक्यात काय, तर घरच्यांना पटवून देता येतील अशा बऱ्याच गोष्टी येतात. ग्राफिक्स कार्ड मात्र त्या यादीत बसत नाही. ‘एवढ्या पैशांत अख्खा कॉम्प्युटर येतो की!’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणी हाय-एंड कार्ड घेतलेलं नाही.

आणि घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. आरटीएक्स ५०९० जानेवारी २०२५मध्ये आलं तेव्हा भारतातली जाहीर किंमत होती २ लाख १४ हजार. त्याखालचं ५०८० होतं १ लाख ७ हजारांना. पहिल्या नोकरीतल्या पोरासाठी हा कित्येक महिन्यांचा पगार झाला. त्यामुळे ‘कोणतं’ आणि ‘कधी’ या दोन्ही प्रश्नांवर डोकं शांत ठेवायला हवं.

आधी काम, मग कार्ड

पहिला फंडा सोपा आहे. काम कोणतं, ते ठरवा. साध्या फुल एचडी मॉनिटरवर गेम खेळणार असाल तर ५०९० म्हणजे सात रस्त्यावरून पार्क चौकात जायला विमान घेण्यासारखं आहे.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. चादरीचं जॅकार्ड डिझाइन करणाऱ्याला महागड्या कार्डाची गरज नसते. कोणता धागा उचलायचा आणि कोणता नाही, एवढाच तो हिशेब असतो. साधा प्रोसेसर आणि पुरेशी रॅम त्याला पुरते. पण तोच टॉवेल परदेशी ग्राहकाला विणण्याआधीच थ्रीडीमध्ये दाखवायचा असेल, त्यावरचा एकेक फासा खरा वाटायला हवा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कार्डाचा कस लागतो.

अशा कामात वेगाआधी मेमरी बघा. सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही तर रेंडर रखडतं, नाहीतर बंदच पडतं. ५०७० मध्ये १२ जीबी आहे, ५०७० टीआय आणि ५०८० मध्ये १६ जीबी, तर ५०९० मध्ये ३२ जीबी. म्हणजे ५०७० टीआय आणि ५०८० यांच्या जाहीर किमतीत २७ हजारांचा फरक, मेमरी मात्र सारखीच! फक्त गेमिंग असेल तर एएमडीचं मार्च २०२५मध्ये आलेलं आरएक्स ९०७० एक्सटीही १६ जीबीचं आहे. त्याच्याकडे पाठ फिरवू नका.

वाट पाहायची, पण किती?

आता मुहूर्त. एनव्हिडियाच्या मोठ्या कार्डांची नवी पिढी साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी येते. सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२, मग जानेवारी २०२५. शेवटच्या वेळी अमेरिकेत घोषणा झाली तेव्हा सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालली होती.

थांबणाऱ्यांचा कधी फायदा होतो. आरटीएक्स ४०८० नोव्हेंबर २०२२मध्ये ११९९ डॉलरला आलं. जानेवारी २०२४मध्ये त्याचीच जरा वेगवान ‘सुपर’ आवृत्ती ९९९ डॉलरला मिळाली. चौदा महिने दम धरणाऱ्याचे २०० डॉलर वाचले.

पण कधी थांबणारा फसतो. २०२०मध्ये ३०८० ची भारतातली जाहीर किंमत ७१ हजार होती. पुढच्या वर्षी चिपचा तुटवडा आणि क्रिप्टो मायनिंग यांच्या कचाट्यात तेच कार्ड लाखाच्या वर गेलं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग कार्डांवरून उतरलं, तेव्हा कुठे बाजार शुद्धीवर आला. २०२५च्या अखेरीस वेगळंच झेंगट आलं. एआय डेटा सेंटरांच्या भुकेमुळे मेमरी चिप महागल्या आणि कार्डावरची मेमरी बनवणाऱ्या कंपन्याही त्याच.

माझा एक मित्र जुळे सोलापुरात घरबसल्या बिल्डरांसाठी फ्लॅटचे थ्रीडी वॉकथ्रू करतो. त्याचं जुनं ८ जीबीचं कार्ड मोठ्या सीनला मान टाकायचं. दोन कामं हातची गेली, तसा घरात पुण्याच्या नोकरीचा विषय निघाला. सगळे सांगत होते, ‘थांब बे, अजून उतरेल!’ त्यानं मात्र वहीत हिशेब मांडला. महिन्याला किती काम परत पाठवतो? तो आकडा संभाव्य बचतीपेक्षा मोठा निघाला. नव्या मॉडेलची पहिली झुंबड त्यानं ओसरू दिली आणि जुलै २०२५मध्ये ५०७० टीआय जाहीर किमतीच्या आसपास उचललं. पुण्याचा विषय तूर्त बंद आहे.

मे महिना विसरू नका

५०९० पूर्ण ताकदीनं ५७५ वॅट खातं, ५०८० खातं ३६०. कंपनी त्यांच्यासाठी अनुक्रमे १००० आणि ८५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. तो खर्च बजेटमध्ये धरा. ५७५ वॅटनं आठ तास म्हणजे साडेचार युनिटांवर वीज, आणि ती सगळी खोलीत उष्णता होऊन उतरते. बाहेर ४३ अंश असताना हा छोटा हीटर तुमच्या टेबलाखाली असणार! कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवी, जोडीला चांगला यूपीएस हवा. आणि कार्ड मावेल का, ते आधी टेप लावून मोजा.

बिल मागाच!

लॅमिंग्टन रोडवर दोन हजार स्वस्त मिळालं म्हणून लगेच गाडी पकडू नका. वॉरंटी किती वर्षांची, बिघडलं तर सोलापुरात जमा होतं की पुण्याला पाठवायचं, हे आधी विचारा. परदेशातून मामेभावानं आणलेल्या कार्डाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. जुनं कार्ड घेताना ते मायनिंगला जुंपलेलं होतं का, याचीही चौकशी करा.

स्वतःचा व्यवसाय असेल आणि जीएसटी नंबर असेल, तर पक्क्या बिलाला पर्याय नाही. १ लाख १८ हजारांच्या बिलात १८ हजार कराचे असतात आणि कामासाठी घेतलेल्या कार्डावर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. कुठल्याच सेलमध्ये एवढी सूट बघितलेली नाही.

तेव्हा दोस्तहो, हिशेब असा. नवी पिढी महिन्या-दोन महिन्यांवर आली असेल आणि काम अडलं नसेल, तर थांबा. नवं कार्ड नुकतंच आलं असेल तर गर्दी ओसरू द्या. फक्त गेमसाठी हवं असेल तर दिवाळीच्या सेलपर्यंत कळ काढा. पण दर महिन्याला काम परत जात असेल, तर तुमचा मुहूर्त लागलेला आहे!