अकरा दवाखान्यांचा धडा

आरोग्यसेवक कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला का कचरतात? थायलंडमध्ये याचं उत्तर मिळतं. मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्यावरचा बिघाड ओळखणारी गूगलची प्रणाली तिथल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिली गेली; निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. चाचण्यांमध्ये ती तज्ज्ञांच्या तोडीची ठरली होती.

बहुतेक दवाखान्यांत मात्र डोळ्याचा फोटो काढायला लागणारा पुरता अंधार करता येईना. फोटो जरा धूसर आला की यंत्र तो नाकारायचं. १,८३८ पैकी सुमारे २१ टक्के फोटो असे बाद झाले. डोळ्यात काही दोष नाही हे नर्सला दिसत असलं, तरी रुग्णाला दुसरीकडे पाठवावं लागे. त्यात त्याचा रोज बुडण्याची धास्ती.

फोटो पाठवताना इंटरनेट रेंगाळलं की रांगही खोळंबायची.

आरोग्यसेवकांच्या कचरण्याला आडमुठेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. प्रणाली आणण्याआधी दवाखान्यातल्या माणसांना विचारा.