जकात, किल्लारी आणि मदतीचा हक्क

इस्लाममध्ये जकात हा श्रीमंताच्या मालातला गरिबाचा ठरलेला हक्क मानला जातो. निसाबाइतकी, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेइतकी, किंवा त्याहून जास्त संपत्ती वर्षभर जवळ राहिली की तिचा अडीच टक्के भाग द्यावा लागतो. तो कुणाला द्यावा याचे आठ वर्ग कुराणाच्या नवव्या सुरेत आहेत. फकीर आणि मिस्कीन (गरीब व निराधार), कर्जबाजारी, वाटसरू यांच्याबरोबर जकात गोळा करणाऱ्यांचाही त्यात समावेश होतो. म्हणजे वाटपाचा खर्च उघडपणे मान्य केलेला आहे.

प्रेषितांनी मुआज इब्न जबल यांना येमेनला पाठवताना तिथल्या श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना द्यायला सांगितले होते. नातेवाईक गरजू असतील किंवा दुसरीकडे गरज मोठी असेल, तरच जकात गावाबाहेर पाठवावी, असे इस्लामी कायद्याची हनफी परंपरा मानते. दिलेल्या वस्तूची पूर्ण मालकी घेणाऱ्याकडे गेली पाहिजे, हाही तिचा नियम. त्या वस्तूचे काय करायचे, हे मग घेणाराच ठरवतो.

दुसऱ्या सुरेत स्वाभिमानापोटी हात न पसरणाऱ्यांचा खास उल्लेख आहे. नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा देगलूर नाक्यावर शिलाईवर घर चालवणारी विधवा वाटपाच्या रांगेत येईलच असे नाही. तिच्या घरी दोन वेळची चूल पेटते की नाही, हे शेजारणीला ठाऊक असते. बाहेरून आलेल्या संस्थेच्या यादीत तिचे नाव सहज सुटते. स्थानिक नेतृत्वाचे खरे मोल इथे आहे.

मात्र जवळचा माणूस आपपरभावही करू शकतो. शिवाय बहुतेक फकीहांच्या (इस्लामी कायदेपंडितांच्या) मते जकात मुस्लिमांपुरतीच आहे. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, मात्र कुणालाही देता येतो. म्हणून संकटकाळी सर्वांसाठीच्या मदतीला सदक्याचाच आधार घ्यावा लागतो. यादी करणाऱ्यांत बायकांना जागा नसेल, तर ती यादी अर्धवटच राहते.

या शेवटच्या मुद्द्याचा धडा शेजारच्या लातूर जिल्ह्याने दिला, तोही कोणत्याही एका धर्माच्या चौकटीबाहेर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. बावन्न गावे नव्या जागी वसली. तिथे शहरी वसाहतीसारख्या रांगांत घरे उभी राहिली, पण गुरे आणि कडबा कुठे ठेवायचा, हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न आराखड्यात मागे पडला.

जी गावे न हलवता जागेवरच दुरुस्त करायची होती, त्यांच्यासाठी वेगळी वाट धरली गेली. तिथे पैसे घरमालकाच्या हाती हप्त्याने दिले आणि बांधकाम त्याच्यावरच सोपवले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कुणाला किती रक्कम मिळणार हे त्या घरोघरी सांगत, अडलेला हप्ता अधिकाऱ्यापुढे मांडत आणि भिंत भूकंपात तग धरेल अशी बांधली जाते का, यावर लक्ष ठेवत. २००१ मध्ये कच्छ भूकंपाने हादरल्यावर लातूरच्या अशाच बायका तिथल्या बायकांना हे काम शिकवायला गेल्या.