लाल कोबीला आंबट हवं

कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या रंगाचं वावडं नाही. जेवणात तांबडा रस्सा नसला तर पाहुणा तोंडानं काही बोलत नाही, पण मनात नोंद करतो. तरीही लाल कोबी आमच्या घरांत अजून परकाच आहे. कपिलतीर्थ मार्केटात हिरव्या कोबीच्या ढिगाशेजारी चार-दोन जांभळे गड्डे ठेवलेले दिसतात. एकदा मी भाजीवाल्या मावशींना विचारलं, "हे नेतं तरी कोण?" त्या म्हणाल्या, "हाटेलवालं न्हेत्यात वैनी. घरात कोण करतंय?"

मावशींचं म्हणणं खरं आहे, आणि त्याला कारणही आहे. कुणीतरी हौसेनं गड्डा आणतं. हिरव्या कोबीसारखीच मोहरी-हळदीची फोडणी देऊन, झाकण ठेवून भाजी शिजवतं. झाकण काढलं की आत निळसर, राखाडी असं काहीतरी असतं. मुलं ताट सरकवतात. उरलेला अर्धा गड्डा फ्रीजमध्ये आठवडाभर पडून राहतो आणि मग कचऱ्यात जातो. हिरव्यापेक्षा जास्त पैसे मोजून आणलेली भाजी अशी गेली की पुन्हा आणायची इच्छा राहत नाही.

गंमत अशी की भाजी बिघडलेली नसते, फक्त तिचा रंग फिरलेला असतो. या कोबीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. जांभूळ, काळी द्राक्षं, वांग्याची साल, एवढंच काय, आपलं आमसूल, या सगळ्यांचा रंग याच घराण्यातला. हा रंग पाण्यात सहज उतरतो आणि भोवती काय आहे ते बघून बदलतो. आंबट मिळालं की लाल, काही नसलं की जांभळा, आणि सोडा किंवा खारं, जड पाणी मिळालं की निळा, थेट हिरव्यापर्यंत. बोअरच्या पाण्यात उकडलेला कोबी जास्त निळा का दिसतो, ते यावरून कळेल. त्यात हळदीचा पिवळा मिसळला की गढूळपणा पूर्ण होतो.

शब्दांशी खेळणाऱ्या माझ्यासारखीला या भाजीच्या नावाचं फार कौतुक वाटतं. म्हणायचं लाल, दिसतो जांभळा, शिजतो निळा! मुळात कोबी हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. जर्मनीत तर या एकाच भाजीला दोन रंगांची नावं आहेत. उत्तरेकडे 'रोटकोल', म्हणजे लाल कोबी, आणि दक्षिणेत बव्हेरियाकडे 'ब्लाउक्राउट', म्हणजे निळी भाजी. तिकडे तो सफरचंद, सिरका, थोडी साखर आणि लवंग घालून मंद आचेवर शिजवतात आणि नाताळात भाजलेल्या बदकाबरोबर वाढतात. आंबट आणि गोड एकत्र! वाचल्यावर मला वाटलं, ही तर आपली चिंच-गुळाची आमटी झाली. ज्या गावाचा गूळ देशभर जातो, त्या गावाला ही भाजी अवघड का वाटावी?

तेव्हा करायचं एवढंच, की फोडणीत कोबी पडला की लगेच आंबट घालायचं. पाव किलो कोबी बारीक चिरा. जाड चिरू नका, कारण लाल कोबीची पानं हिरव्यापेक्षा घट्ट आणि चिवट असतात, शिवाय आंबटात भाजी शिजायलाही वेळ लागतो. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग आणि ठेचलेला लसूण. हळद नाही. कोबी घातल्याबरोबर भिजवलेली तीन-चार आमसुलं पाण्यासकट टाका. मीठ, सुपारीएवढा गूळ, आवडत असेल तर अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. झाकून दहा-बारा मिनिटं. कढई स्टीलची घ्या. लोखंडाच्या कढईत आंबट पडलं की रंग काळवंडतो. उतरताना ओलं खोबरं. ही भाजी भाकरीबरोबर चांगली लागते, चपातीबरोबर त्याहून चांगली. आमसूल नसेल तर चिंचेचा कोळ चालतो, कैरीच्या दिवसांत कैरीचा कीस उत्तमच.

भाजी निळी पडलीच तरी टाकून देऊ नका. वरून लिंबू पिळा आणि ढवळा. बराचसा रंग डोळ्यांदेखत परत येतो. खाण्याचा सोडा मात्र कधीच घालू नये. भाजी लवकर मऊ व्हावी म्हणून चिमूटभर टाकायची सवय काही घरांत असते. त्यानं रंग तर जातोच, वर कोबीतलं क जीवनसत्त्वही जातं. सोडा घातलेल्या पिठात या कोबीची भजी तळली, तर आतून हिरवट-निळी निघतील. अंड्याचा पांढरा बलकही सोड्याच्याच बाजूचा. बुर्जीत लाल कोबी टाकून बघा, हिरवी बुर्जी होते. मुलांना मजा वाटेल, मोठी माणसं खाणार नाहीत.

खरं सांगायचं तर माझा जीव शिजवलेल्यापेक्षा कच्च्या कोबीत जास्त आहे. आमच्याकडे बिर्याणीबरोबर कांद्याचं कचुंबर असतंच. त्यात मी निम्मा कांदा आणि निम्मा लाल कोबी घेते. केसासारखा बारीक चिरून आधी मीठ आणि सिरका चोळायचा, दहा मिनिटं ठेवायचं, मग कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. चोळल्यावर कोबी मऊ पडतो आणि रंग डाळिंबासारखा खुलतो. दही मिसळायचं तर अगदी वाढताना मिसळा. दही गुलाबी होतं, ते सुंदर दिसतं, पण तासभर ठेवलं तर पाणी सुटून पातळ होतं. ईदला माझ्याकडे येणाऱ्यांत शाकाहारी मंडळी बरीच असतात. शिरखुर्म्याच्या आधी त्यांच्या पानात काही आंबट-तिखट हवं, म्हणून सिरक्याऐवजी लिंबू, दाण्याचा कूट आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घालून हाच कोबी कोशिंबीर म्हणून येतो. मग बिर्याणीच्या पानात आणि पुरी-भाजीच्या पानात निदान एक जिन्नस सारखा असतो.

खिम्यात मात्र हिरवाच कोबी घाला. तिथे मसाल्यात रंग दिसत नाही, जास्तीचे पैसे फुकट जातात. आणि मिसळीवर कांद्याऐवजी कोबी वाढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. कांदा महागल्याच्या दिवसांत ते मीही गुमान खाल्लं आहे.

कच्चा खायचा म्हणजे धुणं आलं. पावसाळ्यात अळीच्या भीतीनं आपण कोबी टाळतो. वरची दोन-तीन पानं काढा, गड्ड्याचे चार भाग करून मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा आणि मग वाहत्या पाण्याखाली धुवा. धुवायचं ते बारीक चिरण्याआधी. चिरलेला कोबी धुतला की रंग आणि जीवनसत्त्व दोन्ही मोरीत जातात. घेताना हातात जड लागणारा, पानं घट्ट मिटलेला गड्डा घ्या. अख्खा गड्डा फ्रीजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो. एकदा कापला की उरलेला झाकून ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा.

आणि काढलेली वरची पानं लगेच फेकू नका. ती उकळून ते जांभळं पाणी तीन काचेच्या पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात सोडा घाला, तिसरा तसाच ठेवा, आणि घरातल्या शाळकरी मुलांना हाक मारा.