लहान मच्छीमाराचा हंगाम आणि उचलीचा हिशेब

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. शेती व मासेमारी यांत एक साम्य मात्र पूर्वापार आहे. दोन्ही धंद्यांत उत्पन्न ठराविक महिन्यांत हाती येते आणि खर्च बारा महिने चालू राहतो. म्हणून किनाऱ्यावरील गावांत काम करणाऱ्या ग्रामसेवकांनी मच्छीमाराचा हंगामी हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हंगामाचे स्वरूप

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व पुष्कळ जातींची मासळी याच सुमारास अंडी घालते. या कारणास्तव पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी २०१५ साली ठरविण्यात आली. चालू वर्षाचे दिनांक मत्स्यव्यवसाय कार्यालयातून समजून घ्यावेत.

हंगाम सुरू झाला तरी सर्व दिवस सारखे नसतात. पालघरपासून रायगडपर्यंत बोंबील व जवळा धरणारे डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत त्यात मासळी अधिक येते व भांगाच्या दिवसांत कमी. त्यात वादळांची भर पडते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'क्यार' व 'महा' ही वादळे पाठोपाठ आली आणि ऐन हंगामातील दिवस वाया गेले.

बिनव्याजी उचल किती महाग?

बंदीच्या दोन महिन्यांत घरखर्च, होडीची डागडुजी व जाळ्यांची खरेदी यांसाठी अनेक मच्छीमार दलालाकडून उचल घेतात. तिला व्याज नसते, परंतु मासळी त्याच दलालास, त्याच्या भावाने द्यावी लागते. हिशेब समजण्यासाठी एक नमुना पाहू.

एका फेरीत रु. १०,००० ची मासळी आली. डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च रु. ४,००० वजा जाता रु. ६,००० उरले. त्यांतील निम्मे होडी-जाळ्याचे व निम्मे खलाशांचे, असे धरू. आता दलालाने बाजारापेक्षा शेकडा १० कमी भाव दिला, तर विक्री रु. ९,००० ची होते. खर्च मात्र तेवढाच राहतो व शिल्लक रु. ५,००० वर येते. म्हणजे भाव एकदशांशाने उतरला, पण शिल्लक एकषष्ठांशाने घटली.

अशा ६० फेऱ्यांत रु. ६०,००० जातात. त्यांपैकी रु. ३०,००० मालकाचे व तेवढेच उचल न घेतलेल्या खलाशांचे असतात. उचल रु. ५०,००० ची असेल, तर तेवढ्या कर्जावर शेकडा १२ दराने वर्षाचे व्याज रु. ६,००० होते. दलालाची उचल किती महाग पडते, हे यावरून ध्यानात येईल.

तरीही दलालास केवळ दोष देऊन भागणार नाही. तो तारणाशिवाय, मागितल्या दिवशी पैसे देतो व मासळी कितीही आली तरी उचलतो. ही सोय दुसरीकडे झाल्याविना मच्छीमार त्याला सोडू शकणार नाही.

काय करावे?

१. प्रत्येक फेरीची विक्री, खर्च व त्या दिवशीचा बाजारभाव वहीत लिहावा. भावातील फरक लिहिल्याशिवाय दिसत नाही.

२. चांगल्या फेरीमागे मालकाने रु. ५०० बाजूस ठेवावेत. अशा ६० फेऱ्यांत रु. ३०,००० जमतात व वरील उचलीची गरज निम्म्याहून कमी होते.

३. किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही देण्याचे २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. ग्रामसेवकांनी सहकारी संस्थेच्या मदतीने हे अर्ज बंदीपूर्वीच पुरे करून घ्यावेत. जूनमध्ये धावपळ केल्यास कर्ज वेळेवर मिळत नाही.

४. मासळी उदंड येऊन भाव पडला म्हणजे सुकविण्याचा विचार करावा. ताज्या बोंबलात शेकडा ८५ ते ९० भाग पाणी असते, म्हणून एक किलो सुक्यास सात ते आठ किलो ताजे बोंबील लागतात. ताज्याचा भाव किलोस रु. ४० असेल, तर सुक्यास रु. ३२० व वर मजुरी सुटली पाहिजे. सुकविण्याचे काम बहुधा घरच्या स्त्रिया करतात. त्यांचे श्रम हिशेबात धरले पाहिजेत.

समुद्रातून किती मासळी येईल हे कोणाच्या हाती नाही. आलेल्या मासळीचे किती रुपये घरी राहतील, हे मात्र पुष्कळ अंशी पावसाळ्यातील पैसा कोठून आणला यावर ठरते. त्याची तजवीज हंगाम भरात असतानाच केली पाहिजे.