चाई : केस खाणारा किडा कोण?

आमच्या शहाद्याकडे डोक्यावरची रुपयाएवढी जागा केस जाऊन गुळगुळीत झाली की म्हणतात, चाई पडली, किड्याने केस खाल्ले. २०२४च्या दिवाळीनंतर भाचीच्या डोक्यावर अशी चकती दिसली. घरात आधी तिची उशी उन्हात पडली, मग तिचा कंगवा वेगळा ठेवला गेला. मी वाचायला बसलो तो या कंगव्यामुळे.

चाई संसर्गाने होत नाही. केस खाणारा आपल्याच रक्तातला आहे. वाढत्या केसाचं मूळ शरीराच्या संरक्षक पेशींपासून जवळजवळ लपलेलं असतं. ही आडोशाची सोय मोडली की टी-पेशी मुळाभोवती गोळा होतात, इंटरफेरॉन गॅमा सोडतात, आणि त्याने मूळ आणखीच उघडं पडतं. केस गळतो, पण मूळ मरत नाही. म्हणूनच कित्येकांचे केस औषधावाचूनही परत येतात.

आडोसा मोडतो कशाने? इथे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा संशय येतो. पेशीने प्राणवायू वापरला की हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्यं मागे उरतात. ती निस्तरणारी विकरं कमी पडली की पेशीवर ताण येतो. केसाचा काळा रंग बनतानाही पेरॉक्साइड तयार होतंच. आणि चाईत पांढरे केस बरेचदा तगून राहतात, हे डॉक्टरांनी पूर्वीच टिपलेलं आहे.

२०१० साली कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाने सुमारे हजार रुग्णांची जनुकं तपासली. (बाईंना स्वतःला चाई झालेली.) संशयित जनुकांत दोन लक्षात राहण्यासारखी निघाली. ‘यूएलबीपी’ हे ताणाखालची पेशी अंगावर लावते ते निशाण, मारेकरी पेशी ते बघून येतात. दुसरं पेरॉक्सिरेडॉक्सिन-५, म्हणजे पेरॉक्साइड निस्तरणारं विकर.

पण घाई नको. रुग्णांच्या रक्तात ताणाच्या खुणा सापडतात खऱ्या, मात्र दाह स्वतःच असा ताण निर्माण करतो. आधी कोण, हे रक्ताच्या एका तपासणीवरून ठरत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं बॅरिसिटिनिब संरक्षक पेशींचा निरोप अडवतं, ते अँटिऑक्सिडंट नव्हे.

दुकानदाराने मात्र अँटिऑक्सिडंट गोळ्याच दिल्या, सेलेनियम घातलेल्या. त्याच हिवाळ्यात बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातली माणसं काही दिवसांत टकली होत होती. ती चाई नव्हे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पेरॉक्साइड निस्तरणारं एक विकर त्यावरच चालतं. जास्त झालं तर तेच ताण वाढवतं, केस नि नखं गळतात. गोळ्या मी बंद करायला लावल्या.

आईचा कांद्याचा रस मात्र चालू राहिला. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी तो ३८ जणांच्या छोट्या प्रयोगात वापरला होता, नुसतं पाणी लावणाऱ्यांपेक्षा रस लावणाऱ्यांत जास्त जणांना केस आले. बहुधा त्वचेला चुरचुरवून तो संरक्षक पेशींचं लक्ष दुसरीकडे वळवत असावा. मी वाद घातला नाही. होळीच्या सुमारास चकतीत लव दिसली. पांढरी होती. आई म्हणाली, पोर म्हातारी झाली. कंगवा परत एकच झाला.