लेकराला शाळेत त्रास होतोय : बोलायचं कुठं, कसं?

मैत्रिणींनो, जून आला की गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी वाढते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे : फी, वह्या, बूट, व्हॅनचं भाडं. त्यातही ‘कॉन्व्हेंट’मध्ये नंबर लागला की आई निर्धास्त होते. शिस्त आहे, सिस्टर आहेत, गेटवर वॉचमन आहे. आणि म्हणूनच तिथं लेकराला कुणी त्रास दिला तर आपली जीभ रेटत नाही. “एवढ्या मोठ्या शाळेला आपण काय बोलायचं? उद्या दाखलाच हातात ठेवला तर?” बारामती असो की इंदापूर, हे वाक्य सगळीकडं ऐकू येतं. म्हणून या अंकात त्यावरच लिहितेय.

आधी त्रास म्हणजे काय ते बघू. डबा हिसकावून घेणं, रंगावरून, जातीवरून, बापाच्या धंद्यावरून चिडवणं, “तुला इंग्लिश येत नाय” म्हणून खेळात न घेणं, रोज पैसे मागणं, मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकणं. हे मुलांनी मुलांना दिलेले त्रास. आपण त्याला ‘पोरांची मस्ती’ म्हणतो. एकदा झालं तर ती मस्ती असेलही. पण तेच पोर, तोच त्रास देणारा आणि रोज तेच, असं असेल तर ती मस्ती नाही, छळ आहे. दुसरा प्रकार मोठ्यांकडून होणारा : मारणं, सगळ्या वर्गासमोर अपमान करणं, फी थकली म्हणून पोराला बाहेर उभं करणं. आणि तिसरा, ज्याचं नाव घ्यायलाही आपण कचरतो, तो म्हणजे नको तिथं हात लावणं, घाणेरडं बोलणं, तसले व्हिडिओ दाखवणं. हे मुलींच्या बाबतीत होतं तसं मुलांच्याही बाबतीत होतं. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. तो अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे.

लेकरू सरळ येऊन सांगत नाही. सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही. व्हॅनमध्ये बसायला रडतं. अंथरूण ओलं करायला लागतं, डबा तसाच परत येतो, कंपास रोज हरवते. असं दिसलं तर रागावून विचारू नका. भाकरी थापताना, वेणी घालताना सहज विचारा. सांगायला लागलं की मध्ये तोडू नका. “तू काय केलंस म्हणून?” हा प्रश्न तर नकोच नको. “बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही,” एवढं म्हणा. आणि तेच तेच दहा जणांसमोर सांगायला लावू नका. काकू, आत्या, शेजारीण, प्रत्येकीला नव्यानं सांगताना पोर जास्त खचतं.

मुलामुलांतला त्रास असेल तर वहीत तारखेसह लिहून ठेवा : काय झालं, कुठं झालं, कोण कोण होतं. मग वर्गशिक्षिकेला भेटा, आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या नावानं लेखी अर्ज द्या. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, हे गटाचं रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी भांडायला मात्र जाऊ नका. तेही लेकरूच आहे, कदाचित घरी मार खाणारं. पण भांडण छोटं आहे म्हणून सोडूनही देऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये बारामतीत एका महाविद्यालयाच्या आवारात बारावीच्या विद्यार्थ्याचा खून झाला. संशयित दोघेही अल्पवयीन होते आणि कारण होतं जुनं भांडण. त्यानंतर बारामतीत तक्रारपेट्या आणि पोलिसांचं ‘शक्ती अभियान’ सुरू झालं.

आता तिसऱ्या प्रकाराकडं येते. इथं शाळेच्या उत्तराची वाट बघायची नाही. ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवा. शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्या मुलींवर शाळेत साफसफाईला असलेल्या माणसानं अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले, तर त्यांना तासन्‌तास बसवून ठेवलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठं सगळ्या राज्याला कळलं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. शाळेनं पोलिसांना कळवलं नाही म्हणून मुख्याध्यापिका आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पॉक्सो कायद्यात अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाची गोष्ट दाबली तर एक वर्षापर्यंत. म्हणजे “आमची अंतर्गत चौकशी चालू आहे, थांबा,” असं सांगायचा अधिकारच कुणा मुख्याध्यापकाला नाही, सिस्टरांना नाही आणि फादरांनाही नाही.

कॉन्व्हेंटबद्दल एक गोष्ट समजून घ्या, कारण त्यावरून आपली फसगत होते. कॅथलिक संस्थेची शाळा ही अल्पसंख्याक शाळा असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा अशा शाळांना लागू नाही. म्हणून तिथं २५ टक्के राखीव प्रवेश मिळत नाही. पण कुणी त्यावरून “आम्हाला सरकारी कायदे लागत नाहीत” म्हणालं तर ते खोटं आहे. पॉक्सो सगळ्यांना लागू आहे. २०१५ चा बालन्याय कायदाही लागू आहे. मुलं ज्यांच्या ताब्यात दिली आहेत अशा संस्थेतल्या माणसानं मुलाला क्रूरपणे वागवलं तर त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. आणि खुद्द पोपनी २०१९ मध्ये नियम काढला आहे : अत्याचाराची माहिती मिळालेल्या फादर-सिस्टरांनी ती वरिष्ठांना कळवलीच पाहिजे आणि प्रत्येक धर्मप्रांतानं तक्रार घेण्याची सोय ठेवली पाहिजे. आपला भाग पुणे धर्मप्रांतात येतो. शाळा ऐकत नसेल तर सिस्टरांच्या धर्मसंघाच्या प्रांतप्रमुखांना आणि पुण्याच्या बिशप कार्यालयाला पत्र जरूर लिहा. मात्र हे पत्र पोलिसांच्या जोडीला लिहायचं, पोलिसांच्या ऐवजी नाही. मुंबईत २०१५ साली एका चर्चमध्ये मुलावर अत्याचार झाला. त्या फादरला २०२१ मध्ये विशेष न्यायालयानं जन्मठेप सुनावली. झगा बघून न्यायालय थांबलं नाही. आणि हेही खरं, की बहुतेक सिस्टर आपल्या पोरांना जीव लावून शिकवतात. त्यांनाही अशी तक्रार दाबलेली नको असते.

पोलिसांत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून तिथं काय होतं ते सांगते. ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८ हा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, “ती हद्द आमची नाही” हे उत्तर चालत नाही. लेकराला ठाण्यात न्यायची गरज नाही. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथं घेतात, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि वर्दी न घालता. आई-वडील किंवा मुलाच्या भरवशाचं माणूस शेजारी बसतं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. त्याआधी आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत बांधून ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. मुलाचं नाव, शाळा, फोटो छापणं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं गुन्हा आहे. आपल्या गटाच्या ग्रुपवरही नाही टाकायचं, कितीही कळवळा आला तरी. वकिलाची चिंता नको. बाई आणि मूल यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, त्यासाठी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. मनोधैर्य योजनेची मदतही विधी सेवा प्राधिकरणामार्फतच मिळते.

हे सगळं घडून गेल्यावरचं झालं. आधी काय करता येतं? २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ ठेवली आहे, तिच्यात महिला पालकही असते. तक्रारपेटीचा आदेश त्याहून जुना, २०१७ चा. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला आणखी एक निर्णय आला : सीसीटीव्ही लावा, नेमणुकीआधी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करा, काही घडलं तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. कागद चांगले आहेत. पेटीला कुलूप आहे पण किल्ली कुणाकडं ते ठाऊक नाही, अशी गत होऊ नये म्हणून विचारणारं कुणी तरी लागतं. पालकसभेला एकटी बाई उठून विचारते तेव्हा लोक वळून बघतात, पाच जणी विचारतात तेव्हा उत्तर मिळतं. पडताळणी झाली का? व्हॅनमध्ये मदतनीस बाई आहे का? पेटी कोण उघडतं, कधी? समितीत कोण आहे, त्यांची नावं फलकावर का नाहीत?

ग्रामसंघाच्या येत्या बैठकीत सामाजिक कृती समितीच्या विषयात हा मुद्दा घ्या. आपल्या गावातली पोरं कोणकोणत्या शाळेत जातात, माळेगाव, भिगवण, वालचंदनगर की तालुक्याच्या गावी, याची यादी करा. प्रत्येक शाळेसाठी दोघी ठरवा. अर्ज लिहिता येत नसेल त्या ताईसाठी लिहायला कोण बसणार आणि पोलीस ठाण्यात सोबत कोण जाणार, तीही नावं त्याच ठरावात लिहा.